सड्यावरची थंडी

माझा राग नाकावर असतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

गोवा घटक राज्य झालं त्या वर्षीच्या जूनमध्ये मी पेडणे तालुक्यातल्या एका हायस्कुलात भूगोलाची शिक्षिका म्हणून लागले. मी मूळची डिचोलीची. शाळेची इमारत नवी कोरी होती आणि सड्यावर बांधलेली होती. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं जांभ्या दगडाचं सपाट पठार. तिथे शेती होत नाही, त्यामुळे अशी जागा शाळेला द्यायला कुणाची हरकत नसते. मुलं खाली नदीकाठच्या चोपडे गावापासून चढण चढून यायची आणि मग दहा-बारा मिनिटं उघड्या सड्यावरून चालायची. त्या सगळ्या वाटेवर एकही झाड नव्हतं. पावसाळ्यात छत्र्या उलट्या व्हायच्या आणि पावसाळा संपला की दगड तव्यासारखा तापायचा.

नवीन शिक्षकाला उत्साह फार असतो. बी.एड.ला आम्हाला पढवलं होतं की उदाहरण मुलांच्या परिसरातलं द्यावं. नववीच्या पुस्तकात वृक्षरेषेचा धडा होता. जसजसं उंच जावं तसतसं तापमान उतरतं, आणि एका उंचीनंतर थंडीमुळे झाडं वाढतच नाहीत, त्या सीमेला वृक्षरेषा म्हणायचं. पुस्तकात हिमालयाचं चित्र होतं. मुलांनी हिमालय पाहिला नव्हता, मीही पाहिला नव्हता. मी जनेल उघडलं आणि म्हटलं, "बाहेर बघा. खाली नदीकाठी काय आहे? माडच माड. चढणीवर? काजू, आंबे. आणि वर सड्यावर?"

"कांयच ना, बाई," सगळा वर्ग म्हणाला.

"मग कशामुळे?"

"थंडीमुळे."

तास इतका रंगला की मी स्टाफरूममध्ये जाऊन एक चहा जास्त प्यायले.

आता कुणी म्हणेल, शिकल्यासवरलेल्या बाईला एवढंही कळू नये? तर मी वाढले ते शिरगावच्या जवळ. तिथे खाणी. लहानपणापासून मी डोंगर पाहिले ते वरून बोडके आणि लाल. डोंगराच्या डोक्यावर केस नसणं मला म्हाताऱ्याच्या टकलासारखं साहजिक वाटायचं, कधी कारण विचारावंसंही वाटलं नाही. पुस्तकात कारण छापलेलं मिळालं आणि मी ते आमच्या डोंगरांना चिकटवून टाकलं.

धडा वर्गातच राहिला असता तर एवढं रामायण घडलं नसतं. जुलैत वनखात्याकडून झाडांची तीसेक रोपं आली. शाळेच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी लावायची, असं हेडमास्तरांच्या मनात होतं. त्यांनी स्टाफरूममध्ये मला विचारलं, "बाई, भूगोल तुमचा विषय. सड्यावर जगतील ना ही?"

त्या दिवसांत आमच्या स्टाफरूममध्ये दोन तट होते. कोकणी राजभाषा झाली होती, मराठीचं काय, यावर रोज मधल्या सुट्टीत खडाजंगी व्हायची, आणि चहात बुडवलेला उंडो, म्हणजे पाव, विरघळून कपाच्या तळाशी जायचा तरी कुणाचं लक्ष नसायचं. कोकणीवाले आणि मराठीवाले कशावरच एकमत होत नसत. मी वृक्षरेषा समजावून सांगितली आणि सगळ्यांनी एकमताने माना डोलावल्या. माझ्या आयुष्यातला तो फार मोठा क्षण होता. हेडमास्तरांनी रोपं खालच्या पंचायतीला देऊन टाकली. पालकसभेतही त्यांनी जाहीर केलं की सड्यावर झाडं लावण्याचा विचार शास्त्रीय कारणास्तव रद्द केला आहे.

दुसऱ्या दिवशी शाळेचे शिपाई माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांना सगळे मामा म्हणत. तेरेखोल नदीपलीकडच्या आरोंद्याचे, सिंधुदुर्गातले. कामासाठी इकडे येऊन चोपड्यात खोली घेऊन राहिलेले. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्यांच्या हातात डालड्याचा डबा होता आणि त्यात जांभळाचं एक रोप. तिसांतलं एक त्यांनी मागे ठेवून घेतलं होतं.

"बाई," ते म्हणाले, "सड्यार थंडी खंयची? थंय माती नाय, म्हणान झाडां नाय. माती दिल्यात तर झाड येतला."

मी म्हटलं, "मामा, हा शास्त्राचा विषय आहे."

"असात. पण माझा चेडू चौथीपर्यंत शिकला आणि बसला घराक. म्हणता, सड्यार पाय भाजतत. वाटेर सावळी आसती तर इला आसता."

त्यांची ती मुलगी मला माहीत होती. रोज दुपारी वडिलांचा जेवणाचा डबा घेऊन यायची आणि आमच्या वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात, त्यांच्या स्टुलापाशी ठेवून जायची. कधी कुणाशी बोलायची नाही. तिची शाळा सुटल्याचं ऐकून मला वाईट वाटलं. पण त्याहून जास्त राग आला, कारण एक शिपाई मला भूगोल शिकवत होता. मी म्हणाले, "तुम्ही घंटा वेळेवर द्या मामा, झाडांचं आम्ही बघतो." हे वाक्य आठवलं की आजही माझे कान गरम होतात. मामा डबा घेऊन गेले आणि पाण्याच्या टाकीमागे ठेवून त्यांनी ते रोप जपलं.

चतुर्थी झाली, भातकापणी आली, सहामाही परीक्षा झाली. मी पेपरात प्रश्न घातला होता: वृक्षरेषा म्हणजे काय, उदाहरण द्या. पेपर तपासायला घेतले. पहिल्यात उदाहरण, आपला सडा. दुसऱ्यात, आपला सडा. एकाने तर सड्याचं चित्र काढून वर बर्फ दाखवला होता. मी तो बर्फ बराच वेळ बघत बसले. बाहेर ऑक्टोबरचं ऊन होतं आणि माझ्या पाठीवरून घामाच्या धारा चालल्या होत्या. त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं की काहीतरी घोटाळा आहे.

मी प्रयोगशाळेतून तापमापक उचलला. मामा खोटे ठरावेत अशीच इच्छा होती, उगाच सोज्वळपणाचा आव आणत नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर आधी खाली नदीकाठच्या कुळागरात गेले. माडा-पोफळींच्या सावलीत तापमापक धरला, आकडा वहीत लिहिला. मग धापा टाकत चढण चढून सड्यावर आले, छत्रीच्या सावलीत तापमापक धरला. पारा चढला. खालच्यापेक्षा वर, अगदी स्पष्ट वर. मी काच झटकली, पुसली, पुन्हा धरली. पारा तिथेच. मग तापमापक दगडावर ठेवून बघितला, तर पाऱ्याला पळायला जागा पुरेना. पुढचे दोन शनिवार हेच केलं. सड्यावर थंडी नव्हतीच, उलट चार रेघा ऊब जास्त होती.

मग पुस्तक नीट वाचलं, जे मी जूनमध्ये वाचायला हवं होतं. हजार मीटर चढलं तर तापमान साधारण सहा अंशांनी उतरतं. आमचा सडा नदीपासून शंभर मीटरसुद्धा उंच नाही. म्हणजे उंचीमुळे फरक पडला तर अर्ध्या अंशाचा. तेवढ्याने अळूचं पानही शहारणार नाही. हिमालयातली झाडं थांबतात ती साडेतीन हजार मीटरच्या पुढे. आमच्यासारखे चाळीस सडे एकावर एक रचले असते तर माझं उदाहरण बरोबर आलं असतं.

हे कळल्यावर मी लगेच जाऊन कबूल केलं, असं लिहायला मला फार आवडलं असतं. मी तसं केलं नाही. पडलो तरी नाक वर, अशातली गत. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. हेडमास्तरांनी पालकसभेत माझ्या शास्त्राचा डंका वाजवला होता. चूक कबूल केली असती तर दोन्ही तटांना निदान एका विषयावर एकत्र हसायला मिळालं असतं. दिवाळीच्या सुट्टीत मी डिचोलीला घरी गेले आणि पोहे कांडताना, फराळ करताना सारखं तेच डोक्यात. आईने विचारलं, बरं नाही का. मी म्हटलं, थंडी वाजतेय.

पण एक गोष्ट मला सुखाने झोपू देत नव्हती. माझ्या एका वाक्यामुळे तीस झाडं गेली होती, आणि त्या वाटेने मुलं रोज उन्हातून चालत होती. पुढच्या जूनलाही मी गप्प राहिले असते तर पुन्हा रोपं आली नसती. मी त्या शाळेत असेपर्यंत सडा बोडकाच राहिला असता, आणि तो माझ्यामुळे.

सुट्टी संपल्यावर पहिल्याच दिवशी, दुपारच्या सुट्टीआधीच्या तासाला, मी नववीच्या वर्गात उभी राहिले. फळ्यावर दोन्ही आकडे लिहिले, कुळागराचे आणि सड्याचे. मग म्हटलं, "मी तुम्हाला जे शिकवलं ते चुकलं. सड्यावर झाडं नाहीत ती थंडीमुळे नव्हे. तिथे माती नाही म्हणून. हे मला मामांनी आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. माझं चुकलं."

वर्गाचं दार उघडं होतं, व्हरांड्यात मामा स्टुलावर बसले होते, त्यांची मुलगी डबा हातात धरून तिथेच उभी होती. मी वळले तेव्हा मामांनी मान खाली घातली. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "बाई, आमचे मार्क कापतले?"

"तुमचे नाही," मी म्हटलं. "माझे कापले."

मग मात्र वर्ग हसला, आणि मीही हसले, कारण छातीवरचा दगड उतरला होता.

हेडमास्तरांना जाऊन सांगितलं, तर त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे बाई, मी पालकांना सांगितलं ते..."

"ते माझं होतं, सर. मी पुढच्या सभेत उभी राहून सांगते."

"राहू द्या," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी रोपं मागवू. पण माती कुठून आणायची?"

स्टाफरूममध्ये दोन्ही तट मला एक आठवडा "थंडी कशी आहे" असं विचारत होते, एक कोकणीत आणि एक मराठीत. मी दोन्ही भाषांत फणकारले.

मातीची युक्ती मामांची. ते म्हणाले, खालून गाडीने माती आणायला रस्ता नाही, पण रोज एवढी मुलं वर येतातच की. प्रत्येकाने एक करटी आणावी. करटी म्हणजे नारळाची करवंटी. त्या दिवसापासून मुलं नदीकाठची माती करटीत भरून चढण चढू लागली. उशीर झालेल्याने दोन करट्या आणायच्या, असा नियम मी केला आणि स्वतःही पाळला. मामा रोज शाळा सुटल्यावर पहार घेऊन वाटेवर खड्डे पाडायचे. जांभ्यावर पहार आपटली की हात खांद्यापर्यंत झिणझिणतात. मी एकदा करून पाहिलं आणि दुसऱ्यांदा करायचं नाव काढलं नाही. मे महिन्यापर्यंत सहा खड्डे झाले, माती, शेण आणि पालापाचोळा घालून भरले. रोपं आली पाच, आणि सहावं टाकीमागचं जांभूळ. जूनमध्ये सगळी लावली.

त्याच जूनमध्ये मामांची मुलगी पाचवीत आली. नवा फ्रॉक, तेल लावून घट्ट वेण्या. मला इतका आनंद झाला की मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना ऐकवलं, "बघा, झाडं लावली आणि मुलगी शाळेत आली." पुढची कित्येक वर्षं प्रत्येक नव्या शिक्षकाला मी हे ऐकवत राहिले.

पहिल्या उन्हाळ्यात तीन रोपं गेली. उरलेल्या तिघांना मामांनी मडक्याच्या बुडाला भोक पाडून, त्यात चिंधीची वात घालून, थेंब थेंब पाणी दिलं. दुपारी वरून झावळ्यांचा झाप धरला. ते निवृत्त झाले तेव्हा जांभूळ त्यांच्या खांद्याला लागलं होतं. काही वर्षांनी त्यांनी चोपड्याची खोली सोडली आणि ते आरोंद्याला मुलाकडे गेले. मुलगी तोवर नर्सिंगला लागली होती. जांभूळ वाढत राहिलं, आणि एका मे महिन्यात वर्गातल्या उनाडांच्या जिभा जांभळ्या दिसू लागल्या.

वीसेक वर्षांनी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही काही शिक्षिका हिमाचलला सहलीला गेलो. म्हापशाच्या बाजारातून घेतलेला तापमापक मी पर्समध्ये घातला होता, त्यावरून सगळ्याजणी वाटभर हसत होत्या. गाडी चढू लागली. आधी देवदार, सरळसोट. मग दुसरी गर्द झाडं, मग पांढऱ्या सालीचे भूर्ज, तेही वाकलेले. मग झाडं माझ्या उंचीची, मग कमरेएवढी, आणि मग गुडघ्याएवढी झुडपं जमिनीला चिकटलेली. त्यापुढे नुसतं गवत आणि दगड. मी गाडी थांबवायला लावली. आयुष्यभर शिकवलेली रेषा माझ्या पायाशी होती.

बरोबरच्या वाटाड्याला मी विचारलं, झाडं थंडीने मरतात का? तो म्हणाला, मरत नाहीत, वाढत नाहीत. ऊन मिळतं, पानं आपलं काम करतात, खाणंही तयार होतं, पण थंडीत त्यातून लाकूड बनत नाही. मला आमच्याकडचं घराचं बांधकाम आठवलं. चिरे येऊन पडलेत, सिमेंट आहे, वाळू आहे, आणि मेस्त, म्हणजे गवंडी, काही कामावर येत नाही. घर जोत्यावरच राहतं.

मी तापमापक झुडपात जमिनीलगत ठेवला, मग काठीला बांधून उंच धरला. वर पारा झपाट्याने उतरला. उंच झाडाच्या डोक्याला वाऱ्याची थंडी लागते, आणि जमिनीला चिकटून राहणाऱ्याला उन्हाने तापलेल्या मातीची ऊब मिळते. खात्री करायला मी सरळ त्या झुडपांशेजारी आडवी पडले. खरंच ऊब होती. बाकीच्या बायका ओरडत धावत आल्या, त्यांना वाटलं मला चक्कर आली. मला एवढं हसू येत होतं की उठवेना. तिथे पडलेली एक वाळकी फांदी मी उचलली. बोटाएवढी जाड, तुटलेल्या टोकाला वर्षांची वलयं इतकी दाट होती की मोजताना नजर ठरेना.

परत आल्यावर ती फांदी घेऊन मी शाळेच्या वाटेवर गेले. मामा दरवर्षी जांभळं पिकली की एकदा आरोंद्याहून येत, हे मला ठाऊक होतं. ते जांभळाखाली दगडावर बसले होते, काठी मांडीवर आडवी. आता पाठीतून वाकले होते. मी त्यांच्याशेजारी बसले, फांदी दाखवली आणि सगळं सांगितलं.

त्यांनी ती नखाने चाचपून बघितली. "म्हणजे बाई, थंय तुमचा बरोबर होता."

"होय मामा. नुसता गाव चुकला होता."

ते बराच वेळ हसले. मग मी माझी नेहमीची गोष्ट काढली. म्हटलं, "पण तुमचंही खरं झालं. वाटेवर झाड आलं आणि मुलगी शाळेत आली."

मामांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "बाई, आता सांगूक हरकत नाय. पाय भाजतत ह्या तिचा निमित्त. खालच्या शाळेत एक उत्तर चुकला, मास्तरान सगळ्यांच्या फुडे उभा करून वर्गाक हसवल्यान. त्या दिवसापासून गेला नाय. माकाय खूप मागीर सांगल्यान."

"मग परत कशी आली?"

"तुमी वर्गात म्हणालास ना, माझा चुकला म्हणान. दारात डबो घेवन उभा होता ता. घराक येवन माका म्हणाला, बाबा, थंय बाईंचा पण चुकता. माका थंय जावक व्हया."

मी मान वर करून जांभळाकडे बघितलं. ज्या जूनमध्ये ती शाळेत आली, त्या जूनमध्ये हे जांभूळ माझ्या गुडघ्याएवढं होतं. त्याची सावली एका करटीवरसुद्धा पडत नव्हती. आणि पाय भाजतात म्हणणारी ती मुलगी भर दुपारी त्याच सड्यावरून वडिलांचा डबा घेऊन यायची. हे मी वर्षभर रोज डोळ्यांनी बघितलं होतं.

"मामा, पुन्हा माझं कारण चुकलं," मी म्हटलं.

"चुकांदे," मामा म्हणाले, आणि पंच्याच्या टोकात गोळा केलेली जांभळं त्यांनी माझ्यापुढे धरली.